व्यापारचिन्ह (भारत)

व्यापारचिन्ह म्हणजे एका व्यावसायिकाचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वा सेवेपासून वेगळी ओळखता यावी यासाठी वापरलेली खूण होय. ही खूण शब्द, नाव, स्वाक्षरी, अक्षर, अंक, चित्र, वेष्टन, वस्तूचा आकार, रंगसंगती किंवा यांपैकी काहींचा संयोग अशा स्वरूपाची असू शकते. बोलीभाषेत तिला 'ट्रेडमार्क', 'मार्का' किंवा 'छाप' म्हणतात. भारतात व्यापारचिन्हांची नोंदणी आणि त्यांचे संरक्षण व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ या कायद्यानुसार होते. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला.

व्यापारचिन्ह ही बौद्धिक संपदा आहे. ती विकता येते, वारसाहक्काने मिळते आणि इतरांस वापरासाठी परवान्याने देता येते. एकस्व (पेटंट) आणि स्वामित्वहक्क (कॉपीराइट) यांना कालमर्यादा असते. व्यापारचिन्हाचे मात्र वेळोवेळी नूतनीकरण करून त्याचा हक्क अनिश्चित काळ चालू ठेवता येतो.

संज्ञा आणि कार्य

'छाप' हा शब्द मराठी व्यापारी व्यवहारात जुना आहे. ज्या ग्राहकाला अक्षरओळख नव्हती तो वेष्टनावरील चित्र पाहून माल मागत असे. त्यामुळे गाय, घोडा, उंट, माकड, मोर अशा प्राण्या-पक्ष्यांच्या छापा विडी, तंबाखू, दंतमंजन, शाई, काड्यापेटी इत्यादी वस्तूंवर रूढ झाल्या. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या शाईच्या व्यवसायाचे 'कॅमल' हे नाव व उंटाचे चित्र हे या परंपरेचे परिचित उदाहरण आहे. 'कॅमल' आणि 'इंक' या दोन शब्दांच्या जोडणीतून पुढे 'कॅम्लिन' हे नाव तयार झाले.

व्यापारचिन्हाची कार्ये साधारणपणे तीन मानली जातात. पहिले, माल कोणाकडून आला हे सांगणे. दुसरे, मागील खेपेस मिळालेली प्रत याही खेपेस मिळेल असा भरवसा देणे. तिसरे, मालाची जाहिरात करणे. यांपैकी दुसरे कार्य ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळशा वस्तूंची प्रत विकत घेताना डोळ्यांनी पारखता येत नाही.

इतिहास

इंग्लंडमध्ये १८७५ च्या कायद्याने व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली आणि १ जानेवारी १८७६ रोजी बास या मद्यनिर्मिती कंपनीचा लाल त्रिकोण हे पहिले चिन्ह नोंदले गेले. भारतात त्या काळी नोंदणीची सोय नव्हती. १८८९ च्या व्यापारी माल चिन्ह अधिनियमाने खोट्या खुणा लावण्यास शिक्षा ठेवली होती, पण खुणेचा मालक कोण हे ठरविण्यासाठी न्यायालयात प्रत्येक वेळी नव्याने पुरावा द्यावा लागे. मुंबईच्या कापडगिरण्या आपल्या तागे-गाठींवर रंगीत चित्रांचे कागद चिकटवीत. त्यांना 'टिका' म्हणत. दूरच्या बाजारपेठेत कापडाची ओळख या टिकांवरूनच पटत असे.

१९४० च्या व्यापारचिन्ह अधिनियमाने भारतात प्रथमच नोंदणीची व्यवस्था आणली. तिचा अंमल १९४२ पासून सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५५ च्या अहवालाच्या आधारे व्यापार व पण्यचिन्ह अधिनियम, १९५८ संमत झाला. या दोन्ही कायद्यांत केवळ मालाच्या चिन्हांचा विचार होता. १९९९ च्या कायद्याने उपाहारगृहे, शिक्षण, वाहतूक, मनोरंजन अशा सेवांच्या चिन्हांनाही नोंदणीचा मार्ग मोकळा केला.

वऱ्हाडचा कापूस आणि 'उमरा' हे नाव

एखाद्या नावाला व्यापारी मूल्य कसे येते, आणि त्याला राखणदार नसेल तर काय होते, याचे ठळक उदाहरण वऱ्हाडच्या कापूस व्यापारात सापडते. अमरावतीचे जुने नाव उमरावती. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातून मुंबईमार्गे इंग्लंडला जाणाऱ्या कापसाला इंग्रज व्यापारी या गावाच्या नावाने ओळखू लागले. पुढे त्याचे 'उमरा' असे संक्षिप्त रूप झाले. लिव्हरपूल आणि मुंबईच्या बाजारात भडोच, धोलेरा, हिंगणघाट यांच्याप्रमाणे 'उमरा' हा कापसाचा एक स्वतंत्र प्रकार मानला जाऊन त्याचा भाव जाहीर होत असे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) तेथील कापसाचा पुरवठा तुटला आणि भारतीय कापसाची मागणी एकदम वाढली. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेमुळे वऱ्हाडचा माल मुंबईला जलद जाऊ लागला. खामगाव आणि अमरावती येथे मुख्य मार्गापासून फाटे काढण्यात आले. याच काळात कापसात पाणी मारणे, सरकी व माती मिसळणे, लांब धाग्याच्या कापसात आखूड धाग्याचा कापूस भरणे असे प्रकार वाढले. मुंबई इलाख्यात अशा फसवणुकीस आळा घालण्यासाठी १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

'उमरा' हे नाव कोणाच्याही मालकीचे नव्हते. पुढे खानदेश आणि मध्य प्रांताच्या काही भागांतील कापूसही त्याच नावाखाली विकला जाऊ लागला. त्यामुळे एका व्यापाऱ्याने केलेल्या भेसळीचा बट्टा त्या नावाने माल विकणाऱ्या सर्वांना लागत असे आणि चांगला माल पाठवणाऱ्यालाही घसरलेलाच भाव मिळे. १९२३ च्या कापूस वाहतूक अधिनियमाने विशिष्ट क्षेत्रांत बाहेरचा कापूस आणण्यावर निर्बंध घालण्याची तरतूद केली. १९२५ च्या कापूस पिंजणी व दाबणी कारखाने अधिनियमाने प्रत्येक गाठीवर ती बांधणाऱ्या प्रेसची ठरलेली खूण व अनुक्रमांक घालणे आवश्यक केले. सदोष गाठ कोणत्या प्रेसमधून आली हे त्यामुळे शोधता येऊ लागले.

या दोन कायद्यांत दोन वेगळी तत्त्वे दिसतात. पहिल्याने प्रदेशाच्या नावाची पत राखण्याचा प्रयत्न केला, तर दुसऱ्याने विशिष्ट कारखान्याची जबाबदारी निश्चित केली. आजच्या कायद्यात भौगोलिक निर्देशन आणि व्यापारचिन्ह यांत जो भेद केला जातो, त्याच्याशी या तत्त्वांचे नाते आहे.

नोंदणीस पात्र आणि अपात्र चिन्हे

कायद्याच्या व्याख्येनुसार चिन्ह आलेखाने दर्शविता येण्याजोगे आणि एकाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा दाखविण्यास समर्थ असले पाहिजे. या कसोटीनुसार चिन्हांची उतरती श्रेणी अशी लावता येते :

कल्पित शब्द : कोशात नसलेला, नव्याने घडवलेला शब्द. याला सर्वांत भक्कम संरक्षण मिळते.

असंबद्ध शब्द : अर्थ असलेला, पण मालाशी संबंध नसलेला शब्द. उदाहरणार्थ, तूरडाळीसाठी 'मोर'.

सूचक शब्द : मालाच्या गुणाची नुसती कल्पना देणारा शब्द. यालाही नोंदणी मिळू शकते.

वर्णनात्मक शब्द : प्रत, प्रमाण, उपयोग, मूल्य किंवा उत्पत्तिस्थान सांगणारा शब्द. डाळीसाठी 'शुद्ध' किंवा 'निवडक' हा शब्द एकट्याच्या ताब्यात देता येत नाही, कारण तो प्रत्येक डाळ-गिरणीला लागतो. मात्र अर्जापूर्वीच्या वापरामुळे असा शब्द ग्राहकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडला गेल्याचे सिद्ध झाल्यास नोंदणी होऊ शकते.

जातिवाचक शब्द : वस्तूचे प्रत्यक्ष नाव, जसे 'कचोरी' किंवा 'सरकी'. त्यावर कोणाचाच एकाधिकार नसतो.

ग्राहकांची दिशाभूल करणारी, धार्मिक भावना दुखावणारी, अश्लील, तसेच राष्ट्रीय प्रतीके व नावे यांच्या संरक्षणासाठी असलेल्या १९५० च्या कायद्याने मना केलेली चिन्हे नोंदवता येत नाहीत. धर्मग्रंथांच्या नावांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'रामायण' या शब्दाच्या संदर्भात निर्णय दिला. उदबत्तीसाठी हा शब्द एका विक्रेत्याच्या नावे नोंदवण्यास न्यायालयाने नकार दिला. हे सापेक्ष नव्हे तर निरपेक्ष कारणांवरील नकार होत. आधीच्या नोंदणीकृत किंवा सुप्रसिद्ध चिन्हाशी साम्य असल्यास सापेक्ष कारणावरून नकार मिळतो.

चिन्ह प्रचंड लोकप्रिय होऊन वस्तूचेच नाव बनले तर मालकाची पकड सैल होण्याचा धोका असतो. 'झेरॉक्स' हे मूळचे एका कंपनीचे चिन्ह मराठी बोलण्यात कोणत्याही छायाप्रतीसाठी वापरले जाते, तर 'डालडा' हा शब्द अनेक घरांत वनस्पती तुपाचा पर्याय ठरला होता.

मालाचे व सेवांचे वर्ग

नोंदणी सरसकट सर्व व्यवसायांसाठी होत नाही. ती अर्जात नमूद केलेल्या मालापुरती किंवा सेवेपुरती होते. भारतात आंतरराष्ट्रीय 'नीस' वर्गीकरण पाळले जाते. त्यात एकूण ४५ वर्ग असून पहिले ३४ मालाचे आणि उरलेले ११ सेवांचे आहेत. वऱ्हाडातील व्यवसायांशी निगडित काही वर्ग पुढीलप्रमाणे आहेत : खते (वर्ग १), कीटकनाशके व औषधे (वर्ग ५), शेतीची यंत्रे (वर्ग ७), कच्चा कापूस (वर्ग २२), तयार कपडे (वर्ग २५), खाद्यतेल (वर्ग २९), मसाले, पीठ व फराळाचे पदार्थ (वर्ग ३०), बियाणे (वर्ग ३१) आणि उपाहारगृहे (वर्ग ४३). लेखक, नाट्यसंस्था, संगीत व चलचित्र निर्माते, शिकवणी वर्ग यांना छापील साहित्यासाठी वर्ग १६, ध्वनिचित्रफितींसाठी वर्ग ९ आणि शिक्षण-मनोरंजनासाठी वर्ग ४१ लागू पडतो.

नोंदणीची प्रक्रिया

व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाचे मुख्यालय मुंबई येथे असून दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि अहमदाबाद येथे शाखा आहेत. महाराष्ट्रातील अर्ज मुंबई कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात. अकोला किंवा अमरावती येथील अर्जदाराला मुंबईस जाण्याची आवश्यकता नसते, कारण संगणकाद्वारे अर्ज करता येतो. प्रक्रियेचे टप्पे असे आहेत :

१. शोध : कार्यालयाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर त्या वर्गात तेच किंवा सारखे चिन्ह आधी नोंदले आहे काय, हे पाहता येते. केवळ अक्षरे जुळतात का एवढे पाहून भागत नाही. उच्चार व अर्थ यांतील साम्यही तपासावे लागते.

२. अर्ज : 'टीएम-ए' या नमुन्यात अर्जदाराचे नाव, चिन्ह, वर्ग, माल वा सेवेचे वर्णन आणि वापर कधीपासून आहे ही माहिती द्यावी लागते. वापर आधीपासूनचा असल्याचे सांगितल्यास त्याच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र आणि बिले, जाहिराती यांसारखी कागदपत्रे जोडतात. हिंदी व इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील शब्द असल्यास त्याचा अर्थ व लिप्यंतर द्यावे लागते.

३. परीक्षण : परीक्षक आक्षेप असल्यास अहवाल पाठवतो. त्याला एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. आवश्यक वाटल्यास सुनावणी होते.

४. प्रसिद्धी : मान्य झालेले चिन्ह व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध केले जाते.

५. विरोध : प्रसिद्धीपासून चार महिन्यांत कोणीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. त्यानंतर अर्जदाराला दोन महिन्यांत प्रतिनिवेदन द्यावे लागते. ते न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

६. प्रमाणपत्र : विरोध न आल्यास किंवा तो फेटाळला गेल्यास नोंदणी होते आणि ती अर्जाच्या तारखेपासून लागू धरली जाते.

२०१७ च्या नियमांनुसार संगणकाद्वारे अर्ज करताना व्यक्ती, नवउद्योग (स्टार्टअप) व लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क ठरविण्यात आले. कागदी अर्जासाठी ते अनुक्रमे ५,००० व १०,००० रुपये आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते व पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपल्यावरही सहा महिन्यांपर्यंत अधिभार भरून नूतनीकरण करता येते.

अर्ज केल्यानंतर चिन्हाशेजारी 'टीएम' ही अक्षरे लावण्याचा प्रघात आहे. वर्तुळातील 'आर' हे अक्षर मात्र नोंदणी झाल्यावरच वापरता येते. नोंदणी नसताना तसे भासविणे हे कायद्याचे उल्लंघन आहे.

हक्क, वापर आणि पूर्ववापरकर्ता

नोंदणीमुळे मालकाला त्या मालासाठी चिन्ह वापरण्याचा अनन्य हक्क मिळतो. मात्र नोंदणी करून चिन्ह नुसते अडवून ठेवता येत नाही. सलग पाच वर्षे प्रत्यक्ष वापर न झाल्यास कोणतीही बाधित व्यक्ती ते नोंदवहीतून काढून टाकण्यासाठी अर्ज करू शकते.

भारतीय कायद्यात नोंदणीपेक्षा आधीच्या अखंड वापराला अधिक वजन आहे. कलम ३४ नुसार नोंदणीकृत मालकाला, त्याच्या वापरापूर्वी व नोंदणीपूर्वीपासून तेच चिन्ह वापरीत असलेल्या व्यक्तीला रोखता येत नाही. तमिळनाडूतील तिरुनेलवेली येथील 'इरुट्टुकडै हलवा' या मिठाईच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, पण नोंदणी न केलेल्या दुकानांना हे तत्त्व आधार देते. तथापि पूर्ववापर सिद्ध करण्याचा भार दुकानदारावरच असतो. जुनी बिले, परवाने, जाहिरातींची कात्रणे व छापील वेष्टने जपून ठेवलेली नसतील तर हा आधार लंगडा पडतो.

चिन्हांवरून होणारे बरेच वाद अनोळखी माणसांत होत नाहीत. भावाभावांच्या वाटणीनंतर किंवा भागीदारी मोडल्यानंतर ते उद्भवतात. दुकान, यंत्रे व जमीन यांची वाटणी लेखी होते, पण नावाचा उल्लेख राहून जातो. कायद्याच्या दृष्टीने नाव हीसुद्धा वाटणीयोग्य मालमत्ता आहे. चिन्हाचे हस्तांतरण लेखी करून त्याची नोंद कार्यालयात करता येते.

भंग आणि उपाय

नोंदणीकृत चिन्हाशी भ्रामक साम्य असलेले चिन्ह त्याच किंवा तत्सम मालासाठी वापरणे म्हणजे भंग होय. चिन्ह नोंदणीकृत नसले तरी 'स्वतःचा माल दुसऱ्याचा म्हणून खपविणे' (पासिंग ऑफ) या कारणाखाली दावा करता येतो. त्यात वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : आपल्या नावाची पत, प्रतिवादीकडून झालेली दिशाभूल आणि त्यामुळे झालेली किंवा संभाव्य हानी.

दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही. कलम १३४ ने वादीला महत्त्वाची सवलत दिली आहे. नोंदणीकृत चिन्हाचा भंग दुसऱ्या जिल्ह्यात झाला तरी वादी स्वतः जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा दाखल करू शकतो. त्यामुळे अकोल्याच्या उत्पादकाला दूरच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. तातडीचा अंतरिम मनाई हुकूम मागितलेला नसल्यास वाणिज्यिक न्यायालय अधिनियमानुसार दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावा लागतो. न्यायालय मनाई हुकूम, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब, तसेच बनावट वेष्टने नष्ट करण्याचा आदेश देऊ शकते.

खोटे व्यापारचिन्ह लावणे हा फौजदारी गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला झडती व जप्तीचा अधिकार असून त्याने आधी निबंधकाचे मत घ्यावे लागते.

महत्त्वाचे निवाडे

पार्ले (१९७२) : मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर मुलगी, गाय व कोंबड्या असलेले शेतघराचे चित्र होते. म्हैसूरच्या एका उत्पादकाच्या बिस्किटांवर स्त्री, गाय-वासरू व कोंबड्या असे चित्र व तशीच रंगसंगती होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजायचे नसतात. ठळक वैशिष्ट्ये पाहून साधारण स्मरणशक्तीचा ग्राहक फसेल काय, एवढेच पाहायचे असते. निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

किर्लोस्कर : १९९० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने 'किर्लोस्कर' या नावाला इतके वैशिष्ट्य लाभले असल्याचे मान्य केले की, वेगळा माल असला तरी त्या नावाच्या वापराने लोकांची दिशाभूल होऊ शकते. स्वतःचे आडनाव वापरण्याची मुभा प्रामाणिक वापरापुरतीच असते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

कॅडिला (२००१) : औषधांच्या नावांत साम्य असल्यास चूक जिवावर बेतू शकते, म्हणून तेथे कसोटी अधिक कडक असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. इंग्रजी न वाचणारा मोठा ग्राहकवर्ग भारतात आहे, याचीही न्यायालयाने दखल घेतली.

बर्गर किंग : पुण्यातील या नावाचे उपाहारगृह १९९२ पासून चालू आहे. अमेरिकेतील त्याच नावाच्या कंपनीने भारतात २०१४ मध्ये पहिले उपाहारगृह उघडले. तिने पुण्यातील चालकांविरुद्ध २०११ मध्ये दावा दाखल केला होता. पुणे जिल्हा न्यायालयाने २०२४ मध्ये तो फेटाळला. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असेपर्यंत पुण्यातील चालकांना नावाच्या वापरास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. स्थानिक पूर्ववापर आणि परदेशी चिन्हाची कीर्ती यांतील ताण या प्रकरणात स्पष्ट दिसतो.

बियाणे, वाण आणि चिन्ह

अकोला हे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचे (महाबीज) मुख्यालय आहे. महामंडळाची स्थापना १९७६ मध्ये झाली. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही येथेच १९६९ पासून आहे. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवरील नावांचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा ठरतो. पिशवीवर तीन वेगळ्या प्रकारच्या खुणा असू शकतात आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पहिली खूण वाणाच्या नावाची. सोयाबीनचे 'जेएस ३३५' हे वाण अनेक उत्पादक विकतात. हे नाव पिकाचा प्रकार सांगते, विक्रेत्याची ओळख देत नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार वाणाला दिलेले नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही. दुसरी खूण उत्पादकाच्या व्यापारचिन्हाची. ती बियाणे कोणी तयार केले आणि कोण जबाबदार आहे हे दाखवते. तिसरी खूण प्रमाणीकरणाच्या चिठ्ठीची. पायाभूत बियाण्यास पांढरी, तर प्रमाणित बियाण्यास निळी चिठ्ठी असते. ती प्रमाणीकरण यंत्रणेच्या तपासणीची ग्वाही आहे.

बनावट पिशवीने उत्पादकाची पत जाते, पण शेतकऱ्याचा संपूर्ण हंगाम जातो. बियाणे खोटे असल्याचे पेरणीनंतर, उगवण झाली नाही म्हणजेच, कळते आणि तोपर्यंत पेरणीची वेळ निघून गेलेली असते. व्यापारचिन्हाचा कायदा दाव्याचा हक्क चिन्हाच्या मालकाला देतो. शेतकऱ्याला त्यातून थेट भरपाई मिळत नाही. त्यासाठी ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा 'ग्राहक' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात ठरविले. अशा तक्रारीत पिशवी, चिठ्ठी व पावती हाच मुख्य पुरावा असतो.

भौगोलिक निर्देशनाशी तुलना

गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या मालासाठी भौगोलिक निर्देशन (जीआय) अधिनियम, १९९९ हा वेगळा कायदा आहे. त्याची नोंदणी चेन्नई येथे होते. व्यापारचिन्ह एका व्यक्तीचे वा कंपनीचे असते. भौगोलिक निर्देशन त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामूहिक असते आणि ते विकता येत नाही. विदर्भातील नागपूर संत्री, वायगाव हळद आणि भिवापूर मिरची यांना असे निर्देशन मिळाले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावची कचोरी या नावाने वऱ्हाडात ठिकठिकाणी कचोरी विकली जाते. 'शेगाव' हे गावाचे आणि 'कचोरी' हे पदार्थाचे नाव असल्याने केवळ या दोन शब्दांवर एकट्याचा हक्क प्रस्थापित करणे कायद्याने कठीण असते. विक्रेत्याला आपले वेगळे नाव, चित्र किंवा वेष्टन यांची नोंदणी करता येते. गावाच्या नावाचे सामूहिक रक्षण हा भौगोलिक निर्देशनाचा विषय आहे.

निर्माते व कलावंत

कथा, गीत, चित्र व चलचित्र यांना निर्मितीबरोबरच स्वामित्वहक्क प्राप्त होतो, पण नुसत्या शीर्षकाला तो मिळत नाही. 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या शीर्षकासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून नाट्यसंस्था, नियतकालिक, ग्रंथमाला, वाद्यवृंद किंवा महाजालावरील वाहिनी यांच्या नावाचे रक्षण मुख्यतः व्यापारचिन्हानेच होऊ शकते. मालिकेच्या नावाला व्यापारचिन्हाचे संरक्षण एकाच पुस्तकाच्या नावापेक्षा सहज मिळते, कारण मालिकेचे नाव निर्मितीचा उगम दाखवते. बोधचिन्हाचे चित्र दुसऱ्याकडून काढून घेतले असल्यास त्याचा स्वामित्वहक्क लेखी हस्तांतरित करून घेणे आवश्यक असते.

संकेतस्थळाच्या नावालाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे प्रकरणात दिला. मात्र संकेतस्थळाचे नाव विकत घेतल्याने, किंवा कंपनी निबंधकाकडे कंपनीचे नाव नोंदवल्याने, व्यापारचिन्हाची नोंदणी आपोआप होत नाही.

परदेशातील संरक्षण

व्यापारचिन्हाचा हक्क प्रादेशिक असतो. भारतातील नोंदणी भारताबाहेर लागू पडत नाही. भारत ८ जुलै २०१३ पासून माद्रिद करारव्यवस्थेत सहभागी असल्याने भारतीय अर्जदार येथील अर्जाच्या किंवा नोंदणीच्या आधारे एकाच अर्जाद्वारे अनेक सदस्य देशांत संरक्षण मागू शकतो. प्रत्येक देश आपापल्या कायद्यानुसार अर्ज तपासून निर्णय देतो. मसाले, पापड, लोणची व डाळी परदेशी पाठविणाऱ्या उत्पादकाने निर्यातीपूर्वीच तेथे अर्ज केला नाही, तर तेथील वितरक किंवा अन्य कोणी तेच नाव आधी नोंदवण्याची शक्यता राहते.